हनुवटीचा टाका

माझी बायको मुलींना कबड्डी शिकवते. किहीमपासून थोड्या अंतरावर एक हायस्कूल आहे, तिथे ती खेळाची शिक्षिका. माझी नारळ-सुपारीची वाडी आहे आणि वाडीत पाहुण्यांसाठी बांधलेल्या चार खोल्या. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं येतात, त्यांचं जेवण मी करतो. त्यामुळे आमच्या घरात ओरडण्याचं खातं तिच्याकडे आणि फोडणीचं माझ्याकडे. ही वाटणी कुणी ठरवली नाही, लग्नानंतर आपोआप होत गेली.

तिचं माहेर उरणकडचं. वडिलांचं मिठागर होतं. आता भावाचे ट्रेलर न्हावा शेवाच्या बंदरात कंटेनर ओढतात. आमच्या लग्नात ती मान वर करून सगळा मांडव न्याहाळत होती. कोण आलं, कोण जेवायला बसलं, कुणाचं पोरगं रडतंय. तिची आत्या मागून चिमटे काढत होती. "गो, मान खाली घाल. नवरी हायस तू!"

"खाली घातली त मना दिसंल कसा?" असं तिचं उत्तर मी अंतरपाटाच्या पलीकडून ऐकलं. भटजींचं लक्ष नव्हतं म्हणून बरं, मला हसू आवरत नव्हतं.

मूल काही आम्हाला झालं नाही. त्याचं दुःख दोघांनी आपापल्या परीनं केलं आणि मग ती शाळेच्या पोरींत रमली. दर वर्षी नवीन बारा-पंधरा मुली. चढाई कशी करायची ते ती सांगत नसे, करून दाखवत असे. साडीचा पदर खोचून मध्यरेषेच्या पलीकडे जायची आणि एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत सात मुलींना मैदानभर फिरवायची. चाळिशी उलटली तरी तिचा दम मुलींच्या आधी संपत नसे.

एकदा दिवाळीनंतर जिल्हा स्पर्धांची तयारी चालू असताना ती अशीच चढाईला गेली आणि अर्ध्यावर थांबली. मी मुलींसाठी लिंबू सरबताची कळशी घेऊन गेलो होतो, म्हणून मला दिसलं. मुलींना वाटलं बाई काहीतरी नवीन डाव दाखवताहेत. त्यांनीही पकड केली नाही, बघत उभ्या राहिल्या. ती कमरेवर हात ठेवून वाकली आणि श्वास घेताना तिच्या गळ्यातून बारीक शीळ ऐकू आली.

"काय होतंय?" मी विचारलं.

"मना काय बी न्हाय झायला," ती म्हणाली. माहेरची भाषा ती दोनच वेळा बोलते, रागावली की आणि घाबरली की. रागावायला तर काही झालं नव्हतं.

खोकला सुरू झाला. जिना चढताना धाप लागायला लागली. अलिबागच्या डॉक्टरांनी छाती तपासली, घरघर ऐकली आणि दमा आहे म्हणून सांगितलं. पंप दिला, सकाळ-संध्याकाळ ओढायचा. डॉक्टर चांगले, आमच्या नेहमीचे. छातीत शीळ वाजत असेल तर आधी दम्याचाच विचार कुणीही करील. आम्हीही केला. एवढंच नाही, मी त्या दम्याविरुद्ध लढाई पुकारली. कापसाच्या गाद्या काढून टाकल्या. पाहुण्यांना आवडतं म्हणून मी मासळी चुलीवर करायचो, ती चूल बंद केली. नारळाची सोडणं जाळायचं बंद केलं. आमचा कुत्रा तीन घरं पलीकडे बहिणीकडे नेऊन सोडला. तो संध्याकाळी परत आला. पुन्हा सोडला, पुन्हा आला. शेवटी ती म्हणाली, "अहो, राहू द्या त्याला. तो गेला नि माझी धाप गेली, असं झालं असतं तर मीच त्याला एसटीत बसवला असता."

वर्ष गेलं. पंप बदलले, गोळ्या वाढल्या. त्या गोळ्यांनी तिचा चेहरा सुजल्यासारखा गोल झाला. आरशासमोर उभी राहून ती म्हणायची, "चंद्रमुखी झाले बघा. लग्नाच्या वेळी कुणी म्हटलं नाही, आता गोळ्यांनी केलं." हसायची आणि हसता हसता खोकायची. पण उताणं झोपणं तिला जमेना. तीन उशा लावून, बसल्यासारखी ती झोपायची. मैदानावर ती आता खुर्ची टाकून बसत असे. मग एका सकाळी तोंड धुताना बेसिनमध्ये रक्ताचा धागा पडला. तिनं नळ सोडून तो वाहून जाऊ दिला. पण मी मागेच उभा होतो.

त्याच आठवड्यात तिच्या भावानं, आम्ही त्याला दादा म्हणतो, पनवेलच्या छातीच्या डॉक्टरची वेळ घेतली. या डॉक्टर बाई होत्या, वयानं आमच्याहून लहान. त्यांनी जुने कागद बाजूला ठेवले आणि आधी हिला बोलतं केलं. काय शिकवता, किती धावता, धाप कधी लागते. मग स्टेथोस्कोप पाठीला लावला, छातीला लावला आणि शेवटी गळ्याच्या खड्ड्यात लावून बराच वेळ ऐकत राहिल्या.

"श्वास आत घ्या. जोरात. आता सोडा. पुन्हा."

मग नळीत जोरानं फुंकायची तपासणी झाली. तिचा आलेख त्यांनी आमच्याकडे वळवला. "हे बघा, दमा असला तर श्वास सोडताना अडतो आणि आलेखाला खळगा पडतो. यांचा वरून सपाट आहे आणि खालूनही सपाट. हवा आत जातानाही अडतेय, बाहेर येतानाही. मुख्य पाइपात बोळा बसला तर घरातले सगळेच नळ बारीक चालतात ना? आपण नळ दुरुस्त करत बसलोय असं मला वाटतं. मला यांच्या श्वासनळीचा स्कॅन हवा."

स्कॅन त्याच दिवशी झाला. संध्याकाळी डॉक्टरबाईंनी आम्हाला पुन्हा बोलावलं आणि पडद्यावर दाखवलं. मानेच्या खालच्या भागात, छातीत शिरता शिरता, श्वासनळीच्या आत एका बाजूनं गाठ वाढली होती. हवेला उरलेली वाट म्हणजे एक बारीक चंद्रकोर. त्या वाटेनं ही बाई वर्षभर शाळेत जात होती, मुलींवर ओरडत होती, माझ्याशी भांडत होती.

"तुकडा काढून तपासल्याशिवाय नक्की सांगणार नाही," त्या म्हणाल्या, "पण हा श्वासनळीचा कर्करोग असावा. फार कमी लोकांना होतो. माझ्या पाहण्यात याआधी एकदाच आलाय."

मी विचारलं, "चुलीच्या धुरामुळे?"

"नाही हो. धुराशी, धुळीशी याचा संबंध दिसत नाही. नळीच्या आतल्या भिंतीत छोट्या ग्रंथी असतात, लाळेच्या ग्रंथींसारख्या. त्यातून हा बहुतेक सुरू होतो. का होतो, ते आम्हालाही सांगता येत नाही. पण हळू वाढतो, आणि काढता आला तर चांगलं असतं."

बायको म्हणाली, "म्हणजे मी म्हणत होते ते बरोबर. कुत्र्याचा काही दोष नव्हता."

डॉक्टरबाई हसल्या. मला हसता आलं नाही. परत येताना वडखळला तिनं गाडी थांबवायला लावली आणि दोन वडापाव मागवले. स्वतःचा संपवला, माझा तसाच राहिला होता तोही संपवला. नंतर गाडीत बसल्यावर तिनं माझा गिअरवरचा हात धरला आणि थेट घरापर्यंत सोडला नाही. गिअर बदलताना आम्ही दोघं मिळून बदलत होतो.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात गेलो तेव्हा दादा बरोबर होता. तिथल्या सर्जननी आधी एक काम केलं. तिला पूर्ण भूल देऊन तोंडातून नळी आत घातली, दुर्बिणीतून बघत गाठीचा आत आलेला भाग खरवडून काढला आणि तुकडा तपासणीला पाठवला. वाट तेवढ्यापुरती मोकळी झाली. शुद्धीवर आल्यावर तिनं मोठा श्वास घेतला, थांबली, आणखी एक घेतला. "अहो," ती म्हणाली, "हवा गार असते, हे मी विसरले होते."

अडचण सुरू झाली ती इथून. तपासणीत कर्करोग नक्की झाला, डॉक्टरांनी मोठ्या ऑपरेशनची तारीख सांगितली आणि आम्ही चार दिवस घरी आलो. त्या चार दिवसांत ती एकदम धडधाकट झाली. उताणी झोपली. सकाळी किनाऱ्यावर चालायला गेली, परत येताना पळत आली. मैदानावर जाऊन मुलींना दम दिला. आणि तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "मी बरी झालेय. ऑपरेशन नको."

"गाठ तिथेच आहे," मी म्हटलं. "वरचा भाग काढलाय नुसता."

"परत वाढली तर परत खरवडतील. माझी एवढीशी नळी, ती कापणार, मधला तुकडा फेकणार, वरचं टोक खालच्याला जोडणार. त्यात आवाजाची नस तिथूनच जाते. मी विचारलंय सगळं. आवाज गेला तर मी मैदानावर काय करू? खाणाखुणा?"

"आवाज गेला तरी चालेल मला."

"तुम्हाला चालेल हो!" तिनं ताट सरकवलं. "तुम्हाला घरात शांतता मिळेल. मना न्हाय चालत."

मी रागावलो. एवढ्या वर्षांत आमची भांडणं पुष्कळ झाली, पण ती बोलायची आणि मी ऐकायचो. त्या दिवशी मी ओरडलो. काय ओरडलो ते धड आठवत नाही. शेवटी एवढंच म्हणालो की, तू गप्प बसलीस तरी मला तू हवी आहेस, आणि तू नसलीस तर या चार खोल्या मी पेटवून देईन. कुत्रा घाबरून खाटेखाली गेला. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आवाज आहे की तुम्हाला. इतकी वर्षं कुठे ठेवला होता?"

ठरलं ते असं की ती सर्जनना एकदाच, समोरासमोर विचारणार. ते मोजकं बोलणारे गृहस्थ होते, पन्नाशीपुढचे. तिनं सरळ विचारलं, "डॉक्टर, माझा आवाज राहील याची हमी देता?"

"नाही," ते म्हणाले. "नस वाचवायचा पूर्ण प्रयत्न करीन. तरी आवाज बसू शकतो. गाठ नसेला चिकटली असेल तर नस कापावी लागेल. पण गाठ ठेवली तर काही महिन्यांनी तुम्ही पुन्हा त्याच चंद्रकोरीतून श्वास घ्याल, आणि एक दिवस तीही बंद होईल."

दादानं मधेच विचारलं, "डॉक्टरसाहेब, मधला तुकडा काढला तर नळी आखूड नाय पडणार? जोडणार कशी?"

"म्हणून मान वाकवून ठेवायची. मान खाली घेतली की नळी सैल होते, दोन टोकं जवळ येतात. ऑपरेशननंतर आठवडाभर त्यांनी चुकूनही मान वर करता कामा नये, नाहीतर जोड ताणला जाईल. म्हणून शेवटी आम्ही हनुवटीच्या खाली आणि छातीवर जाड टाका घालतो. हनुवटी छातीला बांधून ठेवतो."

दादा अवाक् झाला. "शिवणार?"

"हो. झोपेत कुणाचा भरवसा असतो?"

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "करूया. हमी दिली असती तर मी नसतं केलं. खोटं बोलत नाही माणूस."

ऑपरेशन दिवसभर चाललं. त्या दिवसाबद्दल मला फारसं सांगता येणार नाही. दादा जिन्याखाली उभा राहून फोनवर ट्रेलरचालकांना उगाच शिव्या देत होता, आणि मी इस्पितळाच्या देवळाशी जाऊन परत येत होतो. संध्याकाळी सर्जन आले, टोपी काढली आणि म्हणाले, "गाठ निघाली. नस सोडवली, पण थोडी ओढली गेलीय. बघू."

दुसऱ्या दिवशी मला आत सोडलं. पलंग डोक्याकडून उंच केलेला, मानेमागे उशा, आणि ती मान खाली घालून बसलेली. हनुवटीखालून दोन जाड काळे दोरे छातीपर्यंत गेले होते. केसांचा भांग तेवढा समोर दिसत होता. मी जवळ जाऊन उभा राहिलो. तिनं डोळे वर फिरवून बघायचा प्रयत्न केला, पण माझ्या शर्टाच्या खालच्या बटणाच्या वर तिची नजर पोहोचेना. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग माझ्या लक्षात आलं. मी खाली जमिनीवर बसलो, पलंगाच्या कडेला, तिच्या गुडघ्यांपाशी. आता तिला मी पूर्ण दिसलो. आठ्या गेल्या.

तो आठवडा मी भेटीच्या वेळी असाच बसायचो. वॉर्डातल्या मावशी पुन्हा पुन्हा सांगायच्या, "काका, खुर्ची आहे की. फरशी गार आहे."

"खुर्चीवर बसलो तर तिला माझे गुडघेच दिसतात," मी म्हणायचो. तिसऱ्या दिवशी मावशींनी कुठून तरी एक जुनी चादर आणली, घडी करून खाली अंथरली आणि पुढच्या पलंगाकडे गेल्या.

बोलायला मनाई होती. ती बोटांनी सांगायची, आणि कबड्डीच्या पंचांच्या खुणा मला वीस वर्षांत पाठ झाल्या होत्या, त्यामुळे आमचं बरं चाललं होतं. नर्स सुई घेऊन आली की ती हात बाहेर काढून 'खेळाडू बाद' अशी खूण करायची. एकदा तिची आत्या भेटायला आली. ऐंशीच्या पुढची बाई, उरणहून इतकी लांब. पदरात डोळे पुसत उभी राहिली. मी खाली बसल्या बसल्या म्हटलं, "आत्या, घातली बघा शेवटी मान खाली. एवढी वर्षं लागली, पण तुमचं ऐकलं."

आत्याला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा ती फिसकन हसली. आणि बायकोचे खांदे हलायला लागले. आवाज नाही, मान हलत नाही, नुसते खांदे गदगदताहेत आणि डोळ्यांतून पाणी. नर्स धावत आली. "अहो, हसवू नका त्यांना! टाके ताणतील!" मला आणि आत्याला दोघांनाही बाहेर काढलं. जिन्यावर बसून आत्या किती तरी वेळ हसत आणि रडत होती, आणि माझंही तेच चाललं होतं.

आठवडा संपल्यावर डॉक्टरांनी दुर्बिणीतून जोड बघितला. नीट धरला होता. दोरे कापले. पण ती मान वर करीना. "आता करा सावकाश," सर्जन म्हणाले. तिनं नकारार्थी हात हलवला. जी बाई सात जणींच्या घोळक्यात शिरायची, ती स्वतःची मान उचलायला घाबरत होती. मी उठून तिच्या डोक्यामागे हात धरला, नुसता धरला, ढकललं नाही. हळूहळू, भाताचं रोप पाणी मिळाल्यावर उठतं तशी, तिची मान वर आली. तिनं भिंत पाहिली, खिडकी पाहिली, छताकडे पाहिलं. आणि घोगऱ्या, फाटक्या, मला अजिबात ओळखू न येणाऱ्या आवाजात पहिलं वाक्य बोलली:

"पंख्यावर केवढी धूळ."

तपासणीच्या अहवालात एका कडेला रोगाच्या पेशी अगदी थोड्या राहिल्याचं आलं. म्हणून जखम भरल्यावर दीड महिना रेडिएशन घ्यायचं ठरलं. भायखळ्याला माझ्या मावसभावाची एक खोली रिकामी होती, तिथे आम्ही राहिलो. सोमवार ते शुक्रवार रोज इस्पितळ, आणि शुक्रवारी दुपारचं संपलं की भाऊच्या धक्क्यावर जाऊन गाड्या नेणाऱ्या रो-रो बोटीनं मांडवा, तिथून घर. सोमवारी पहाटे पुन्हा परत. लोक म्हणायचे, इतकी दगदग कशाला? पण बोटीवर गाडीतून उतरून वर कठड्याशी उभी राहिली की तिचा चेहरा बदलायचा. वारा तोंडावर घ्यायची, तोंड मिटून, नाकानं, लांब लांब श्वास.

तिसऱ्या आठवड्यापासून गिळताना आग व्हायला लागली. नुसती थुंकी गिळली तरी डोळ्यांत पाणी यायचं. आता काम माझ्या खात्याचं होतं. तांदळाची पेज, नाचणीची आंबील मीठ कमी करून, दुधी अगदी मऊ शिजवून गाळलेला, शहाळ्याची कोवळी मलई ताकात घुसळून. मी एक एक करून बघायचो. मलई चालली. दुधीच्या वाटीकडे बघून ती म्हणाली, "एवढी वर्षं पाहुण्यांकडून जेवणाचे पैसे घेता ना तुम्ही? याचे नका घेऊ." पण खाल्ला तिनं. एक एक चमचा, मधे थांबत, खिडकीबाहेरच्या कबुतरांना शिव्या देत.

एप्रिलमध्ये आमच्या वाडीतला पहिला हापूस पिकला. आंबट-गोड काही घशाला लागू द्यायचं नव्हतं. मी आंबा लपवून ठेवला. घरात आंबा लपतो होय? आत शिरताच तिनं विचारलं, "कुठे आहे?" मी काढून दिला. तिनं तो दोन्ही हातांत धरला, देठाकडून वास घेतला, पुन्हा घेतला आणि माझ्या हातात ठेवला. "तुम्ही खा. माझ्यासमोर खा." मला खायचा नव्हता. तिनं खायला लावला. रस कोपरापर्यंत आला तेव्हा ती टेकून बसली आणि म्हणाली, "चांगला आहे ना? मोहोर धरला तेव्हाच म्हटलं होतं मी."

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ती गेली. आवाज थोडा सुधारला होता, तरी खालच्या पट्टीतला, खरखरीत, वाळूवरून होडी ओढावी तसा. मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला तो जाणार नव्हता. पहिल्या दिवशी मी गाडीतच बसून बघत होतो. तिनं तोंड उघडलं, ओरडायला गेली, आणि नुसती हवा आली. मुली थबकल्या. मग त्यांच्यातली कप्तान चालत आली, बाकीच्या तिच्यामागे आल्या, आणि सगळ्या तिच्याभोवती अगदी जवळ, डोकी जुळवून उभ्या राहिल्या. ती बोलत होती आणि त्या ऐकत होत्या. पूर्वी ती सांगायची तेव्हा अर्ध्या मुली दुसरीकडेच बघत असायच्या, हे मी तिला घरी आल्यावर सांगितलं. "म्हणजे वीस वर्षं मी उगाच ओरडले?" ती म्हणाली आणि चिडून आंघोळीला गेली.

आता या गोष्टीला काही वर्षं झाली. हा रोग हळू चालणारा आहे, तसा परत यायलाही वर्षानुवर्षं घेऊ शकतो, म्हणून तपासणी कायमची. आतापर्यंत सगळं स्वच्छ आहे.

गेल्या हिवाळ्यात पनवेलच्या डॉक्टरबाईंचा फोन आला. त्यांच्याकडे रोह्याकडचा एक शेतकरी आला होता, हाच आजार, आणि ऑपरेशनला तयार नव्हता. "तुमच्या मिसेस त्याच्याशी बोलतील का?" मी फोन तिच्याकडे दिला. तिनं रविवारी त्याला बायकोसकट जेवायलाच बोलावलं.

ते नवरा-बायको एसटीनं आले. माणूस पन्नाशीचा, भातशेती करणारा, अंगानं दणकट, पण ओटीच्या दोन पायऱ्या चढताना शीळ वाजली. ती शीळ ऐकून मी आणि ही, दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मी आत जाऊन कोलंबीच्या कालवणाकडे लक्ष दिलं. ओटीवरचं बोलणं ऐकू येत होतं.

"लय दुखतं का?" त्यानं विचारलं.

"दुखतं. पण औषध देतात. दुखण्यापेक्षा कंटाळा जास्त येतो."

"नि आवाज?"

"हा आवाज. ऐकताय तो. तुमचा याहून बरा राहील किंवा वाईट, मी कशी सांगू?"

त्याची बायको उठून माझ्याकडे स्वयंपाकघरात आली. पदर सावरत दारातच उभी राहिली. हळूच म्हणाली, "भाऊ, यांना काय करून घालायचं नंतर? मला तेवढंच सांगा. बाकी मला काय कळत न्हाय." मी तिला पाट दिला आणि पेजेपासून सुरुवात केली. मलई ताकात घुसळायची म्हटल्यावर तिनं विचारलं, "नारळ तुमच्यासारखे कुठले आमच्याकडे?" तेव्हा मी उठून शहाळ्यांचा घड काढून तिच्या पिशवीत भरला. ती नको नको म्हणत होती आणि पिशवीचं तोंड उघडं धरून उभी होती.

जेवण चौघांचं झालं. तो माणूस सावकाश जेवला, पण भात दोनदा घेतला. निघताना फाटकापाशी तो थांबला आणि हिला म्हणाला, "बाई, एक विचारू? भीती गेली का तुमची?"

"न्हाय गेली," ती म्हणाली. "तपासणी जवळ आली की रात्री उठून पंखे पुसत बसते. मग हे गाडी काढतात, आम्ही जाऊन येतो."

त्यानं मान डोलावली. शहाळ्यांची पिशवी बायकोच्या हातातून घेऊ लागला, तिनं दिली नाही. मग दोघांनी एक एक बंद धरला आणि स्टॉपकडे चालू लागले.